पत्रोबाचा ‘ना’

माझ्या थोरल्या बहिणीचा देवावर आणि यंत्रावर सारखाच विश्वास आहे. दोघांनाही ती काम सांगते, दोघांचीही शांतपणे वाट पाहते आणि दोघांकडूनही काम झाले नाही तर पहिला दोष स्वतःकडे घेते. माझे नेमके उलटे. देवावर माझा फारसा विश्वास नाही, यंत्रावर तर मुळीच नाही. आणि काही बिघडले तर दोष माझा नव्हे, एवढे मला तपास सुरू करण्यापूर्वीच ठाऊक असते. गेल्या पावसाळ्यात आमचे हे दोन स्वभाव एका हरवलेल्या अक्षराच्या शोधात कामी आले, त्याची ही हकीकत.

अक्का बदलापूरला राहते. तीस वर्षे तिने शाळेत मराठी शिकवले. निवृत्त झाल्यावर आता पोटभर वाचायचे असे ती म्हणत होती, तोच काचबिंदूने तिची दृष्टी कडेकडेने आत सरकत सरकत नेली. पुस्तकांचे कपाट तसेच राहिले. ती अजूनही त्यावरची धूळ पुसते आणि हाताला लागेल त्या पुस्तकाचे नाव जाडीवरून ओळखते.

तिच्यासाठी मी उल्हासनगरच्या कॅम्पातून एक वापरलेला लॅपटॉप आणला आणि त्यावर लिनक्स घातले. लिनक्स म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून ती सुरू केली. आज जगभरचे हजारो लोक तिच्यात भर घालतात आणि तिची संहिता कोणालाही उघडून वाचता येते. ती फुकट मिळते हे खरे. पण फुकटपेक्षा मला ते ‘उघडून’ महत्त्वाचे वाटते. कुलूप लावलेल्या यंत्रापुढे माणूस नुसता हात जोडून उभा राहू शकतो. उघड्या यंत्रात त्याला निदान डोके तरी घालता येते.

या लिनक्समध्ये पडद्यावरचे अक्षर वाचून दाखवणारा ऑर्का नावाचा एक प्रोग्रॅम आहे. त्याला आवाज पुरवतो तो दुसरा, ईस्पीक. जॉनथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये त्याचा पहिला अवतार केला. पुढे त्यात पुष्कळ भाषा आल्या, मराठीही आली. हा कोणा माणसाचा मुद्रित केलेला आवाज नव्हे. तो नियमांवरून आणि गणितावरून जागच्या जागी घडवलेला आवाज आहे, त्यामुळे पत्र्याच्या डब्यात बसून कोणी बोलावे तसा ऐकू येतो. अक्काने पहिल्याच दिवशी त्याचे नाव ठेवले पत्रोबा. दोन दिवस त्याच्या उच्चारांची शाळा घेतली, तिसऱ्या दिवशी त्याच्याशी जमवून घेतले. महिन्याभरात पत्रोबा इतक्या भरभर बोलू लागला, म्हणजे तिनेच त्याला तसे बोलायला लावले, की मला त्यातले एक अक्षर कळेना. ती मात्र दिवसाला दोन वर्तमानपत्रे आणि रात्री एखादी कादंबरी ‘वाचू’ लागली.

आता मूळ गोष्ट. अक्काकडे स्वयंपाकाला ज्या बाई येतात त्यांची मुलगी बारावी झाली. तिला परिचारिकेचा अभ्यासक्रम करायचा होता. अक्काने एका संस्थेकडे तिच्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज केला. सगळा अर्ज स्वतः, पत्रोबाच्या मदतीने भरला. आषाढात एका सकाळी निकाल लागल्याचे कळले. मुलगी आणि तिची आई दोघी उभ्या. अक्काने बाणाची कळ दाबली. पत्रोबा म्हणाला, ‘अर्जाची स्थिती’. अक्का थांबली. तिने हात जोडले, देवाचे नाव घेतले आणि मग पुढची कळ दाबली.

पत्रोबा म्हणाला, ‘मंजूर’.

पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी आईने गळ्यातले गहाण ठेवून प्रवेशाची अनामत रक्कम भरली. बाकीचे शिष्यवृत्तीतून भागणारच होते. दहा-अकरा दिवसांनी मुलगी कार्यालयात चौकशीला गेली, तेव्हा कारकुनाने यादी दाखवली. तिच्या नावापुढे लिहिले होते, ‘नामंजूर’.

मराठी भाषेची ही एक गंमतच आहे. आपला नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. ‘नाही’ कानावर पडेपर्यंत ऐकणाऱ्याला उमेद धरायला सवड मिळते. पण काही शब्दांत तो अगदी दारात उभा असतो. नापास, नालायक, नामंजूर, अमान्य, अशक्य. पहिले अक्षर गिळले की अपशब्दाची प्रशस्ती होते. अक्काने तीस वर्षे मुलांना विरुद्धार्थी शब्द शिकवले. तिचा विरुद्धार्थी शब्द तिच्याच टेबलावर तयार झाला होता.

तिने मला फोन केला. म्हणाली, “अरे, माझ्या कानांनाही आता काही झालंय का बघ. चूक माझीच असणार.” आणि मग हळूच, “त्या पोरीला मी काय तोंड दाखवू?” सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मलाही तिच्या कानांचीच शंका आली होती.

नकारावर तीस दिवसांत फेरअर्ज करता येत होता. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा जोडला गेला, एवढेच कारण होते. नवा दाखला काढून आम्ही फेरअर्ज मुदतीत केला. पण अक्काने लॅपटॉपचे झाकण लावले ते लावलेच. वर्तमानपत्र नाही, कादंबरी नाही. जो एकदा ‘ना’ गिळतो तो आणखी काय काय गिळत असेल, असा तिचा सवाल होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. माझा संगणक मुका झाला तर माझी गाणी बंद होतात. तिचा अर्धे अक्षर चुकला तरी सगळे घर पुन्हा अंधारते.

मी लॅपटॉप अंबरनाथला घरी आणला. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचीच नोकरी केली, तेव्हा एका अक्षराचे ते काय, अशा घमेंडीत होतो. आठ दिवस कळा दाबल्या. पत्रोबा प्रत्येक वेळी ‘नामंजूर’ असे ठणठणीत म्हणाला. परत बदलापूरला नेला, अक्काने कळ दाबली, ‘मंजूर’! पुन्हा अंबरनाथ, पुन्हा ‘नामंजूर’. एका लोकलच्या अंतरावर यंत्राचे मत बदलत होते. मला उल्हास नदीकाठच्या दमट हवेचा संशय आला, अक्काच्या घरातल्या विजेचा आला, भुताखेतांवर येऊन थांबणे तेवढे राहिले.

तसाच उठून उल्हासनगरला गेलो. हे गाव म्हणजे एके काळची लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे जागा मिळाली, १९४९ च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि छावणीचे आकडे पत्त्यांत कायम राहिले. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी केलेला आहे. पण मोडलेली वस्तू टाकून द्यायची नसते, ती उघडायची असते, ही विद्या त्या गल्ल्यांत जेवढी आहे तेवढी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. ज्या दुकानातून मी लॅपटॉप घेतला होता, त्या दुकानदाराचे आजोबा सिंधमधून येताना रेडिओ दुरुस्तीची हत्यारे तेवढी घेऊन आले होते म्हणे.

त्याने लॅपटॉप उघडला, स्पीकर बदलला, पैसे घेतले नाहीत. फरक शून्य. मग तो म्हणाला, “काका, मशीनमें कुछ नहीं. आपके सॉफ्टवेअरमें है.” मी म्हणालो, “सॉफ्टवेअर ठीक आहे, मशीनमध्येच काहीतरी आहे.” हा वाद जगाच्या पाठीवर जिथे जिथे संगणक आहे तिथे तिथे रोज चालतो, आणि तो सोडवण्याचा एकच रस्ता आहे. मधली माणसे एकेक करून उठवायची आणि विचारायचे, तुझ्याकडे निरोप आला तेव्हा पूर्ण होता का?

कारण पत्रोबाचा शब्द आपल्या कानांपर्यंत थेट येत नाही. ऑर्का तो ईस्पीकला देतो, ईस्पीक त्याचा ध्वनी करतो, तो ध्वनी सगळ्या प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र करणाऱ्या पाइपवायर नावाच्या व्यवस्थापकाकडे जातो, तिथून तो लिनक्सच्या गाभ्यातल्या ध्वनिविभागाकडे. त्याचे नाव आल्सा. १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेला या चेक गृहस्थाने तो सुरू केला. आल्सातला ड्रायव्हर त्याला खऱ्याखुऱ्या चिपच्या हवाली करतो. बदलापूरचे नाव, तिथे घोडे बदलत असत म्हणून पडले असे सांगतात. आवाजाचे तसेच आहे. वाटेत चार-पाच ठिकाणी घोडा बदलायचा, आणि कुठल्याही ठाण्यावर घोडा तयार नसला की स्वाराचा पहिला पाय जमिनीवर.

मी सगळ्या ठाण्यांवर फिरलो. ईस्पीकने केलेला ध्वनी फाइलीत साठवून पाहिला. त्यात ‘ना’ होता. म्हणजे पत्रोबा निर्दोष. मग मी एक ध्वनिमुद्रिका केली: ‘नामंजूर’, पाच सेकंद शांतता, पुन्हा ‘नामंजूर’, दहा सेकंद, पुन्हा, असे तीस सेकंदांपर्यंत. वाजवली. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक ‘ना’ शाबूत. मी सगळे खालचे अधिकारी निर्दोष सोडून दिले. इथेच मी पक्का फसलो होतो, पण ते पुढे कळायचे होते.

उलगडा केला तो अक्काने, आणि तोही सहज. एका रविवारी चहा घेताना ती पुन्हा त्या सकाळबद्दल बोलत होती. म्हणाली, “मी देवाला नमस्कार केला, अथर्वशीर्षातल्या दोन ओळी म्हटल्या, आणि मग कळ दाबली. एवढं करूनही…”

माझा कप हातातच राहिला. “अक्का, किती वेळ लागला असेल?”

“कशाला?”

“नमस्काराला.”

मी घड्याळ घेऊन बसलो. एक कळ दाबायची, दहा सेकंद थांबायचे, दुसरी दाबायची: ‘नामंजूर’. बारा सेकंद: ‘नामंजूर’. चौदा: ‘नामंजूर’. सोळा: ‘मंजूर’. पुन्हा पुन्हा केले. पंधरा सेकंदांच्या अलीकडे नकार आणि पलीकडे होकार. अंबरनाथला यंत्र शहाणे होते असे नव्हे. अंबरनाथला मी होतो. दोन कळांमध्ये पंधरा सेकंद थांबणे मला जन्मात जमलेले नाही. आणि अक्का, एक तर दिसत नाही म्हणून आणि दुसरे तिचा स्वभाव म्हणून, प्रत्येक शब्दानंतर थांबते. तिने त्या दिवशी नमस्कार केला नसता तर ‘ना’ ऐकू आला असता. हे मी तिला सांगितले नाही, तिनेच ओळखले आणि म्हणाली, “देवाला मध्ये घेऊ नकोस. यंत्राचं बघ.”

वीज वाचावी म्हणून आजकालच्या लॅपटॉपमधली ध्वनीची चिप काम नसले की झोपते. पाइपवायर पाच सेकंद कोणी बोलले नाही तर आपले दार लावून घेतो. दार लागल्यावर ड्रायव्हर आणखी काही सेकंद वाट पाहतो आणि चिपला झोपवतो. या यंत्रात तो आकडा दहा होता. पाच आणि दहा पंधरा. व्यवस्थापकाला मधून काढून ड्रायव्हरशी थेट बोललो तेव्हा ‘ना’ दहा सेकंदांनी गळू लागला, आणि तो दहाचा आकडा शून्य करून झोप बंद केली तेव्हा गळायचा थांबला. आणि माझी ती ध्वनिमुद्रिका? तिच्यातली शांतता ही शांतता नव्हतीच. ध्वनिमुद्रिका चालू आहे तोवर यंत्राच्या दृष्टीने बोलणे चालू आहे. मधली तीस सेकंदे तो शून्ये ‘वाजवत’ असतो आणि चिप बिचारी जागी राहते. न बोलणे आणि शांतता वाजवणे यांत यंत्र फरक करते.

पण झोपणे हा गुन्हा नव्हे. माझा स्वतःचा लॅपटॉपही दहा सेकंदांनी झोपतो आणि हाक मारताच पूर्ण शब्दासह उठतो. तेव्हा प्रश्न झोपेचा नव्हता, उठण्याचा होता. अंबरनाथच्या शिवालयात गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. तशा पायऱ्या उतरत मी ड्रायव्हरच्या संहितेपाशी आलो. इंटेलने २००४ मध्ये ध्वनीच्या चिपांसाठी एक सामाईक नियमावली ठरवली, पण ती चिप लॅपटॉपात कशी जोडायची हे ज्याचा तो कारखानदार ठरवतो, आणि आपण काय केले ते नीट लिहून ठेवतोच असे नाही. म्हणून लिनक्सच्या त्या संहितेत तऱ्हेवाईक मॉडेलांची एक यादी आहे: अमक्याची अमुक तार उलटी, तमक्याचा स्पीकर वेगळ्या वाटेने. हजारावर नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीमागे कुठेतरी एक माणूस आपल्या मुक्या यंत्रापुढे रात्र रात्र बसलेला असणार, हे वाचताना जाणवत राहते.

आमचे मॉडेल यादीत नव्हते. माझा तर्क असा झाला: ड्रायव्हर चिपला हाक मारतो, चिप उठते, पण तिच्या पुढचा, स्पीकरला जोर देणारा अँप्लिफायर अंमळ उशिरा उठतो. ड्रायव्हर त्याच्यासाठी थांबत नाही. वर कळवून टाकतो, ‘तयार!’ आणि शब्द निघतो तो बंद दारावर आदळतो.

तर्क एका यंत्रावरून करू नये म्हणून पुन्हा उल्हासनगरला गेलो. दुकानदाराकडे त्याच मॉडेलचे आणखी तीन नग फळीवर होते. पण दिवसा त्या बाजारात पत्रोबाने अख्खे वाक्य गिळले असते तरी कळले नसते. “रात को आओ, काका,” तो म्हणाला. रात्री शटर अर्धे खाली ओढून, पंखा बंद करून आम्ही घामाघूम बसलो. तो मोबाइलवर सेकंद मोजी आणि मी कळ दाबी. पहिला: ‘मंजूर’. दुसरा: ‘मंजूर’. तिसरा: ‘मंजूर’. दुकानदार कितीतरी वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “इतने लोग ले गये. कोई बोला नहीं.”

कोण बोलणार? ज्याला दिसते त्याला गाण्याच्या आधीचा दशांश सेकंद गेला काय आणि राहिला काय!

त्या रात्रीनंतरचे काम सोपे होते. मी यादीत आमच्या मॉडेलची एक नोंद केली आणि उठल्यावर शंभर मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, थांबायची सूचना घातली. ‘ना’ परत आला. ती दुरुस्ती लिनक्सच्या ध्वनिविभागाची देखभाल करणाऱ्यांकडे धाडली. युरोपातून एकाचे उत्तर आले: थांबण्याची जागा चुकली आहे, ती फक्त झोपेतून उठतानाच्या भागात हवी, आणि किती वेळा तपासले? जागा मी बदलली. तपासण्याचे काम अक्काने अंगावर घेतले. मला ते झेपले नसते.

तिने जपमाळ काढली. एक मणी, वीस सेकंदांचे मौन, एक कळ. ‘नामंजूर’. दुसरा मणी, मौन, कळ. ‘नामंजूर’. पाऊण तास मी स्वयंपाकघरात बसून ते ऐकत होतो. स्वयंपाकाच्या बाई पोळ्या लाटता लाटता थांबून थांबून तिकडे पाहत होत्या. त्या शब्दाने त्यांना काय होत असेल ते कोणाला विचारायचे धैर्य झाले नाही. एकशे आठ वेळा पत्रोबा ‘नामंजूर’ म्हणाला, एकशे आठही वेळा पूर्ण.

लिनक्समध्ये अशी रीत आहे की दुरुस्तीच्या खाली चूक कोणी दाखवली आणि दुरुस्ती कोणी तपासली त्यांची नावे लिहितात. दोन्ही ठिकाणी अक्काचे नाव लागले. रोमन लिपीतल्या तिच्या नावात मी एक अक्षर कमी घातले होते, ते तिने पत्रोबाकडून एकेक अक्षर वाचून घेऊन माझ्याकडून सुधारून घेतले.

फेरअर्जाचा निकाल नवरात्राच्या आधी आला. मी तिथे होतो. पत्रोबा म्हणाला, ‘अर्जाची स्थिती’. अक्काने ताबडतोब पुढची कळ दाबली. ‘मंजूर’. मुलीच्या आईने तोंडाला पदर लावला. अक्का म्हणाली, “थांबा.” तिने शब्द अक्षर अक्षर वाचून घेतला: म, अनुस्वार, ज, दीर्घ ऊकार, र. मग डावीकडे सरकून त्याच्या आधी काही आहे का पाहिले. काही नव्हते. मग ती मुद्दाम वीस सेकंद गप्प बसली आणि पुन्हा कळ दाबली. ‘मंजूर’.

तेव्हा कुठे तिने हात जोडले. पेढे मात्र दुसऱ्या दिवशी आणायला सांगितले, मुलीने छापील कागद आणून मला मोठ्याने वाचायला लावल्यावर.